पाग्मा मावशीचा चुकलेला अंदाज

आमच्या पठारावर जनावर हिवाळ्यात सहसा मरत नाही, मरतं ते वसंतात. हिवाळाभर अंगावरची चरबी जाळत ते कसंबसं उभं असतं. मग ऊन जरा ऊबदार लागायला लागतं, आता सुटलो असं माणसाला वाटतं, आणि एका सकाळी जनावर गुडघे मोडून बसतं ते उठतच नाही. हिरवं गवत अजून लांब असतं. वारा तेवढा रोज हजर असतो. म्हणून आमच्याकडे कुणी कुणाला 'वसंत आला का' असं विचारत नाही. 'वसंतातनं बाहेर पडलात का' असं विचारतात.

पाग्मा मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमची आणि तिची गेरं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या नमद्याची गोल घरं, हिवाळ्यापासून वसंत सरेपर्यंत एकाच टेकडीच्या आडोशाला शेजारी शेजारी उभी असायची. दोघांच्या मेंढ्या-बकऱ्या एकाच कळपात. गुरं आणि घोडी मी बघायचो, कळप तिच्या घरचे बघायचे. मावशी तेव्हा साठीची होती. बुटकी, रुंद, घोड्यावर बसून बसून पाय बाकदार झालेली. तिचा मुलगा गोंबो, सून सारनाई आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी चिमगे, एवढंच त्यांचं घर.

मावशीचा दिवस आभाळापासून सुरू व्हायचा. दुधाचा चहा उकळला की पहिला डाव भरून घेऊन ती बाहेर यायची, चारी दिशांना शिंपडायची आणि मग रिकामा डाव हातात धरून तिथंच उभी राहायची. धूर सरळ वर जातोय की जमिनीवर लोळतोय, घोडी कुठल्या अंगाला शेपट्या करून उभी आहेत, उत्तरेचा डोंगर रोजच्यापेक्षा जवळ दिसतोय का, हे सगळं बघून झाल्याशिवाय ती घरात जायची नाही. मग रेडिओवरचं हवामान ऐकायची. रेडिओशी तिचं भांडण नव्हतं. दोघंही सारखेच चुकायचे.

चुकायची ती एकाच बाजूनं. वादळ नसताना वादळ सांगायची. 'पाग्मा शिंकली की वाडगं बंद', म्हणजे कळप कोंडून ठेवायचा, असं आमच्या भागात लोक म्हणत, पण तिच्या माघारी. तोंडावर कुणी बोलायचं नाही, कारण तिच्या नवऱ्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा नवरा चोइजिल सरकारी मेंढ्या राखायचा. तेव्हा कळप कुणाच्या मालकीचे नसत, सहकारी संघाचे असत. गोंबो तान्हा होता आणि रात्रभर तापला होता, म्हणून त्या सकाळी मावशी त्याच्यापाशीच बसून राहिली, बाहेर आलीच नाही. चोइजिल कळप घेऊन गेला आणि दुपारी वादळ उठलं. वादळात मेंढी वाऱ्याकडे पाठ करून चालायला लागते. तिला वळवता येत नाही, थांबवता येत नाही. राखणारा मागोमाग जातो, आणि जितका जातो तितकं घर मागं पडतं. चोइजिल शेवटपर्यंत कळपाबरोबर गेला. तो सापडला तेव्हा एका दगडाला टेकून बसलेला होता. मेंढ्याही बऱ्याचशा गेल्याच होत्या. संघाच्या प्रमुखानं मोठं भाषण केलं, जनतेच्या मालासाठी प्राण दिला म्हणाला, आणि मावशीला एक पदक दिलं. तिनं ते पेटीच्या तळाशी टाकलं. भिंतीवर कधी लावलं नाही.

त्यानंतर आभाळ न बघता तिचा एकही दिवस गेला नाही.

सारनाई जिल्ह्याच्या गावातली. तिचे वडील ट्रक चालवायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढी आणि बकरी लांबून ओळखता यायची नाही, यावर आम्ही पुष्कळ हसलो. ती पण हसायची आणि शिकायची. दोन वर्षांत कळपाचं सगळं तिच्याकडे आलं. जीभ मात्र गावचीच राहिली, धारेची. सासूला घाबरायची नाही. मावशीनं बाहेर येऊन नाक वर केलं की ही आतनं ओरडायची, "आई, आज काय म्हणतंय? की कालचंच?"

मी सांगतोय तो वसंत वाईटच होता. आम्ही सर्वांत लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ भाग मोजतो, एकेकाला नव म्हणतो. सहाव्या नवात बर्फाखालची वाट काळी दिसायला लागते, सातव्यात टेकड्यांचे माथे उघडे पडतात, नवव्यात ऊब येते. त्या वर्षी नऊही नव संपले तरी वाट पांढरीच होती. चारा जवळजवळ संपला होता. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि आयांच्या आचळांत दूध नव्हतं. गोंबो मोटरसायकल घेऊन तालुक्याच्या गावाला गेला, कुठनं ट्रकभर चारा मिळतोय का बघायला.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी मावशीनं वाडगं बंद केलं. वादळ येणार, म्हणाली. आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. रेडिओही तेच सांगत होता. दिवसभर पान हललं असतं तरी कळलं असतं, इतकी शांतता. कळप वाडग्यात उभा राहून एकमेकांची लोकर चावत होता. शेवटचे भारे सोडून आम्ही त्यांच्यापुढे टाकले आणि ते संध्याकाळपर्यंत फस्त झाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहाला होतो. सारनाई चुलीत गोवऱ्या सारत होती. मावशीकडे न बघता ती म्हणाली, "आई, वादळानं मेल्या तर निदान पोटभर चरून मरतील. इथं तुमच्या भीतीनं मरतायत."

चिमगे मावशीच्या पायात घोटाळत होती. चुलीकडे जाऊ नये म्हणून तिच्या कमरेला पट्टा बांधून तो पलंगाच्या पायाला अडकवलेला असायचा. मावशीनं तिला उचलून मांडीवर घेतलं. मलाच अवघडल्यासारखं झालं. मी घोड्यांचा विषय काढला.

दुसऱ्या सकाळी मावशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बाहेर उभी होती. मी माझ्या दारातनं बघत होतो, कारण त्या कळपात माझ्याही मेंढ्या होत्या. धूर सरळ वर चालला होता. घोडी वाटेल तशी तोंडं करून उभी होती. टेकडीचा दक्षिण उतार ऊन लागून ओला दिसत होता, त्या वर्षी पहिल्यांदाच. मावशीनं डाव खाली केला आणि सारनाईला हाक मारली.

"ने. नाल्यापलीकडं ने. तिकडं खुरटं गवत जास्त आहे. आज काही नाही."

सारनाईला खरं वाटेना. "नक्की?"

"आज काही नाही म्हटलं ना."

सारनाईनं म्हातारी करडी घोडी काढली. मावशीनं आतून कातड्याचा जाड अंगरखा आणून दिला. सारनाई म्हणाली, ऊन बघा केवढंय, ह्यात मी शिजेन. तिनं तो वाडग्याच्या भिंतीवर टाकला आणि पातळ अंगरख्यावरच निघाली. चिमगे मागनं रडली, थोडा वेळ. मग मावशीनं तिला दह्याची सुकी वडी चोखायला दिली.

दुपार कलली तेव्हा मी विहिरीवर गुरांना पाणी पाजत होतो. गाय पिता पिता थांबली आणि तिनं मान वर केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वारा अगदीच पडलाय. पश्चिमेला जमिनीलगत एक तपकिरी पट्टा दिसत होता. मी क्षणभर डोंगर समजलो. तिकडं डोंगर नाही.

मी घोडं पळवत आलो. मावशी बाहेरच उभी होती, पट्ट्याकडे तोंड करून. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी थोबाडीत मारल्यावर माणूस कसा बघतो, तसं ती बघत होती. मी म्हटलं, मी जातो नाल्याकडं. तिनं पुढं होऊन माझ्या घोड्याचा लगाम धरला.

"वेळ नाही. तू वाटेतच सापडशील."

"मावशी, ती पातळ कपड्यात आहे."

"मला माहीताय ती कशात आहे." तिनं लगाम सोडला नाही. "तू गेलास तर उद्या दोघांना शोधायचं. उतर. गेराच्या दोऱ्या आवळ."

मी उतरलो. एवढ्यात माझी बायको आमच्या घराच्या दाराला दोरी बांधून धावत आली. दोन्ही घरं वाचवायला हात पुरणार नव्हते. मूल ज्या घरात होतं तेवढं एकच धरायचं असं न बोलताच ठरलं. आम्ही आत शिरून दार लावलं आणि पहिला तडाखा आला.

आधी धूळ आली. छताच्या गोल झरोक्यातला उजेड पिवळा झाला, मग तांबडा, मग गेलाच. त्यानंतर बर्फ आला, पण पडणारा नव्हे, आडवा. नमद्यांवर कुणी वाळूची पोती ओततंय असा आवाज होत होता. छताच्या चक्रातनं एक जाड दोरी खाली सोडलेली असते, ती अशाच वेळेसाठी. घर उचललं जाऊ लागलं की तिला लोंबकळायचं. मी आणि मावशी दोघं त्या दोरीला धरून होतो. जोरदार झोत आला की आमचे पाय जमिनीवरनं सुटायचे.

 मग एकदम मावशीनं दोरी सोडली आणि कमरेचा पट्टा आवळायला लागली.

"कुठं?" मी विचारलं.

"वाडग्यापर्यंत. हाक मारून येते."

"कुणाला हाक मारणार? स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाहीये."

ती दारापर्यंत गेली. मी दोरी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. मावशीनं मला ढकललं. तिच्यात केवढी ताकद होती ते मला त्या दिवशी कळलं. मी हललो नाही. ती माझ्या छातीला हात लावून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाद्रा, मी पाठवलंय तिला. माझ्या तोंडानं."

"मगाशी मला तुम्हीच उतरवलंत," मी म्हणालो. "आता मी तुम्हाला सोडणार नाही."

चिमगे आईला हाका मारत होती. भूक लागली की तिला अजून आईच लागायची. मावशीनं तिच्याकडे बघितलं, परत येऊन दोरी धरली, आणि त्यानंतर पहाटे वारा उतरेपर्यंत सोडली नाही. माझ्या बायकोनं मुलीला अंगरख्यात घेऊन गोड चहाचा बोळा चोखवला. आमचं घर केव्हा उलटलं ते आम्हाला कळलंही नाही.

उजाडताना बाहेर आलो तर जमीन तपकिरी झाली होती. धूळ आणि बर्फ एकमेकांत मिसळून लाटांसारखे ढीग लागले होते. आभाळ स्वच्छ होतं. कालच्या सकाळइतकंच स्वच्छ. मावशीनं वर बघितलं नाही. मी दोन घोडी पकडून आणली. मूल बायकोकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

कुठं जायचं याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. वारा वायव्येकडनं होता, म्हणजे कळप आग्नेयेला गेला असणार, आणि सारनाई कळपामागे. नाला आम्ही भराभर ओलांडला. अर्ध्या तासानं पहिली बकरी दिसली. बकऱ्या आधी पडतात. मग एक मेंढी, मग दोन, मग दर थोड्या अंतरावर एक, वाटेवर खुणा ठेवाव्यात तशा. मावशी प्रत्येकीजवळ घोडा थोडा थांबवायची, आजूबाजूला बघायची आणि पुढं जायची. आमच्या घोड्यांत दम नव्हता. मधे मधे उतरून आम्ही पायी चालत होतो.

कोरड्या खारट तळ्याच्या काठाशी कळप सापडला. काठाचा उंचवटा आडवा आला तिथं मेंढ्या एकमेकींवर चढल्या होत्या आणि वरनं बर्फानं त्यांना झाकलं होतं. कडेच्या काही जिवंत होत्या. डोळे आणि नाकं बर्फानं बुजलेली, पण उभ्या. मी त्यांची तोंडं मोकळी करायला लागलो. ते माझं काम होतं आणि त्यात माझं मन गुंतत होतं. मावशी मेंढ्यांकडे बघतही नव्हती. ती ढिगाऱ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपायला लागली. हाताला लोकर लागली की पुढं सरकायची. पुन्हा हात घालायची. लोकर. पुन्हा पुढं. कापड लागतंय का ते ती बघत होती.

ढीग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं असा तपासला. मी मदतीला गेलो तर तिनं मला नुसत्या मानेनं दूर केलं. शेवटी ती उठली, तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजून कडक झाल्या होत्या. सारनाई तिथं नव्हती. म्हणजे वाटेत कुठंतरी, बर्फाच्या लाटेखाली, आम्ही तिच्यावरूनच आलो असू. दोघांच्याही मनात तेच होतं.

मावशी काठावर बसली. मी तिला थर्मासमधला चहा दिला. तो तिनं हातात धरून ठेवला.

"चोइजिलनं सोडून दिल्या असत्या तर तो घरी आला असता," ती म्हणाली. "वाऱ्याला आडवा चालला असता तर आमचं घर फार लांब नव्हतं. मी जाऊन बघितलंय, मोजलंय. कुणाला कधी बोलले नाही. त्याचं नाव झालं होतं ना. सोडायला पाहिजे होत्या असं बायकोनं म्हणायचं म्हणजे..."

मग ढिगाऱ्याकडं मान करून ती म्हणाली,

"हिला पण नाही सांगितलं. धूर शिकवला, घोडी शिकवली, सगळं आभाळ शिकवलं. मेंढ्या सोडून दे आणि ये, एवढंच तोंडातनं निघालं नाही."

तिचा चहा गार झाला. जिवंत मेंढ्या पुढं घालून आम्ही परत फिरलो. त्यांना ढकलत, उचलत, दुपार उलटून गेली. परतीच्या वाटेवर आम्ही प्रत्येक ढिगाऱ्यात काठी खुपसून बघत होतो. मावशी मधेच एकदा म्हणाली की गोंबोला तीच सांगेल, मी तोंड उघडायचं नाही. मी बरं म्हणालो.

टेकडीच्या वळणावर आलो आणि वाडग्याजवळ करडी घोडी उभी दिसली. तिच्या अंगावर खोगीर होतं. मावशीनं ती माझ्या आधी बघितली. ती घोड्यावरनं उतरली नाही, जवळजवळ पडलीच, आणि दाराकडे चालत गेली. धावली नाही. दारापाशी पोहोचल्यावर तिनं हात पुढं केला आणि तसाच ठेवला. दार मी मागनं येऊन उघडलं.

सारनाई चुलीपाशी बसली होती. तिचा एक गाल आणि नाकाचा शेंडा थंडीनं काळाठिक्कर पडला होता, बोटांना माझ्या बायकोनं चरबी चोळून फडकी गुंडाळली होती. चिमगे तिच्या अंगावर पीत होती. चुलीशेजारी एक कोकरू फडक्यात पडलेलं होतं.

सारनाईनं वर बघितलं आणि आधी तीच बोलली. "आई, मेंढ्या गेल्या. मी सोडल्या."

मावशी दारातच उभी होती. "सोडल्यास?"

"एक मेंढी नाल्यात व्यायला बसली होती. मी तिच्याजवळ होते तेवढ्यात आलं. कळप चालायला लागला. मी धावले मागनं, थोडी. मग चिमगेची आठवण झाली." ती थांबली. "मग नाही धावले. तुम्ही रागवाल माहीत होतं."

"बरं केलंस," मावशी म्हणाली.  घोड्यांचं खोगीर उतरवते असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर गेली. खोगीर उतरवायला तिला फार वेळ लागला. मी मदतीला निघालो तेव्हा माझ्या बायकोनं माझी बाही धरून मला खाली बसवलं.

बाकीचं नंतर सारनाईनं सांगितलं. नाल्याचा काठ एका ठिकाणी आतून खचलेला होता. तिथं ती मेंढीला मिठी मारून पडून राहिली. घोडीचा लगाम हाताला गुंडाळून तिला वाऱ्याच्या अंगाला उभी ठेवली, तिचीच भिंत केली. ओलं कोकरू अंगरख्याच्या आत, छातीशी. झोप आली की ती मोठमोठ्यानं सासूच्या नावानं बोलायची, काही नाही म्हणे आज, काही नाही म्हणे. हे सांगताना ती हसली आणि तिचा गाल फुटून रक्त आलं. आम्ही सकाळी नाला ओलांडला तेव्हा ती तिथून दोन हाका मारण्याच्या अंतरावर होती. तिच्या तोंडावर बर्फाची भिंत लागली होती, ती आतनं खणत होती. नाल्यातली ती मेंढी चार-पाच दिवसांत गेली. कोकरू जगलं.

गोंबो दुसऱ्या दिवशी चाऱ्याचा ट्रक घेऊन आला. चारा भरपूर होता, खायला तोंडं उरली नव्हती. तो आधी बायकोजवळ बसला, मग एकटाच वाडग्यात जाऊन उभा राहिला. आईला तो एक शब्दही वाकडा बोलला नाही. पण त्या काही दिवसांत त्यांच्या घरात भांड्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून एक माणूस मेलेल्या जनावरांची नोंद घ्यायला आला. वाईट नव्हता, पण जुना, संघाच्या काळातला. चहा पिता पिता त्यानं सारनाईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला की पोरगी कळपाबरोबर राहिली असती तर तळ्याच्या अलीकडेच वळवता आला असता. "तुमच्या यजमानांनी बघा, शेवटपर्यंत—"

"काय वाचलं?" मावशीनं विचारलं.

त्याला कळलं नाही.

"माझा नवरा गेला. मेंढ्या पण गेल्या. तुम्ही लोकांनी भाषण केलंत. मग वाचलं काय, ते सांगा मला. तीस वर्षं मी शोधतेय."

चुलीवरचा चहा उतू जायला लागला तरी कुणी उठलं नाही. त्या माणसानं वाटी दोन्ही हातांनी खाली ठेवली. मावशी पुढं म्हणाली, "तिला मी पाठवलं होतं. चूक लिहायची असली तर माझ्या नावावर लिहा. तिनं सोडल्या ते माझ्या घरात बरोबर आहे."

तो माणूस थोड्या वेळानं आपलं काम उरकून गेला. सारनाईनं सांडलेला चहा पुसला. सासूकडे न बघताच ती म्हणाली, "आई, ते बिचारं घाबरलं ना." आणि गोंबो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पाग्माची नजर गेली म्हणाले. मावशीनं आभाळ बघणं सोडलं नाही, पण विचारलं तर सांगायची नाही. "मला काय माहीत? जाड कपडे घेऊन जा," एवढंच. आणि सारनाई निघताना मावशी तिला रोज, न चुकता, सगळ्यांदेखत सांगायची, "आलं तर सोड आणि ये." सारनाई चिडायची. हो हो, सोडते, म्हणायची. मीही मग गुरांकडे निघालो की मावशी मलाही तेच सांगायला लागली.

ऊब आली ती फार सावकाश. एक दिवस यायची, तीन दिवस जायची. आमचं घर आम्ही पुन्हा उभं केलं, फाटलेले नमदे शिवले. मेलेल्या जनावरांची कातडी काढायला आम्हाला बरेच दिवस लागले, आणि तेवढ्या काळात मावशीनं त्या कोकराला पोकळ शिंगातनं बकरीचं दूध पाजून पायावर उभं केलं. मग एका दक्षिण उतारावर, धुळीच्या थरातनं, पहिली जांभळी फुलं वर आली. मेंढ्या ती देठासकट खातात. वाचलेल्या मेंढ्यांना त्यांचा वास आला आणि त्या हातातनं निसटायला लागल्या.

हिरव्याचीही एक भीती असते. लांबून उतार हिरवा दिसतो, मेंढी धावत जाते, जवळ गेल्यावर काडीकाडीनं असतं. मग पुढचा उतार हिरवा दिसतो. अशी दिवसभर धावून ती उरलीसुरली ताकद घालवते आणि ऐन गवतात मरते. म्हणून त्या दिवसांत कळपाच्या पुढं माणूस लागतो, मागं नव्हे. सारनाईची बोटं अजून नीट वळत नव्हती, तिला लगाम धरता यायचा नाही. त्यामुळे दोघी पायीच जायच्या. सारनाई एका अंगाला, मावशी दुसऱ्या अंगाला, हात पसरून मेंढ्यांना अडवत. मी विहिरीवरनं बघायचो. मेंढ्या रेटा लावायच्या आणि मावशी ओरडायची, "सावकाश! कुठं पळून चाललंय का ते?" सारनाई पलीकडनं काहीतरी उलट बोलायची, ते वाऱ्यामुळं मला ऐकू यायचं नाही.